तिकिटावर केवळ ‘गोवा’ नको

महोदय,

जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली, तरी तिकिटावर ‘गोवा’ एवढेच वाचून थेट दाबोळी गाठणारे प्रवासी अजूनही भेटतात. नकाशावर हे दोन विमानतळ सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर दिसतात. परंतु जुवारी आणि मांडवी ओलांडून पेडणे तालुक्यात शिरणारा रस्ता ६० किलोमीटरच्या आसपास भरतो आणि पणजी-म्हापसा पट्ट्यातील वर्दळ पाहता दीड तास हाताशी ठेवावा लागतो. पर्यटनाच्या हंगामात तोही अपुराच. ‘जीओआय’ म्हणजे दाबोळी आणि ‘जीओएक्स’ म्हणजे मोपा, हे संकेत सीमेलगतच्या आम्हा सिंधुदुर्गवासीयांनाही चटकन उमगत नाहीत. म्हणून तिकिटावर विमानतळाचे नाव ठळक अक्षरांत छापावे.

– एक वाचक, सावंतवाडी