पीजीॲडमिनमध्ये स्क्रिप्टची सोय परत आणा : केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मी इंदूरच्या राजेंद्र नगरात राहतो. लोकांचे डेटाबेस सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. ई-प्रशासनात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला आधी पसंती द्यायची, असं धोरण केंद्राने 2015 मध्ये काढलं. ते मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. पण फुकट मिळतं म्हणून घ्यायचं आणि परत काहीच द्यायचं नाही, ही रीत काही बरी नाही. म्हणून एक नेमकी मागणी करतो. पोस्टग्रेस ही मुक्त स्रोत डेटाबेस प्रणाली हाताळायच्या पीजीॲडमिन या साधनात स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालवायच्या हुकमांची यादी, लिहिण्याची सोय परत यावी, आणि त्याचा खर्च आपल्या मंत्रालयाने उचलावा.

‘परत’ अशासाठी की ती पूर्वी होती. पीजीॲडमिन 3 मध्ये पीजीस्क्रिप्ट नावाची चिमुकली भाषा होती. व्हेरिएबल (नाव दिलेली किंमत), अट आणि लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं), एवढ्यावर बरंच काम निघे. 2016 मध्ये पीजीॲडमिन 4 पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत नव्याने लिहिलं गेलं, त्यात ती आली नाही.

आमच्याकडच्या नावांचंच बघा. इंदुरात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण नोंदी करणारा ऑपरेटर बहुतेक हिंदी भाषक. काळ्यांचे ‘काले’ होतात, ते निदान डोळ्यांना दिसतं. कऱ्हाड्यांचं दुखणं वेगळं. एकाने ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरलेलं असतं, दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब सारखी, डेटाबेसच्या लेखी माणसं दोन. वेगवेगळ्या रीतींनी साठवलेलं एकच अक्षर एकसारखं करणारं पोस्टग्रेसचं युनिकोड नॉर्मलायझेशनही ही जोडी एक करत नाही. बरं, सरसकट अपडेट मारून चालत नाही, कारण काही ‘काले’ खरोखरच काले असतात. संशयित जोडी दाखवायची, कारकुनाचा होकार घ्यायचा, मगच संबंधित सगळ्या तक्त्यांत बदल करायचा आणि कोणी होकार दिला ते नोंदवायचं, असं ते काम आहे.

यावर जाणकार म्हणतील, पोस्टग्रेसमध्ये अटी-लूपसह छोटा प्रोग्रॅम चालवणारा डू ब्लॉक आहे की! आहे, पण तो सर्व्हरवर चालतो. क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा, निकाल तक्ता म्हणून समोर ठेवत नाही, मध्येच थांबून विचारतही नाही. पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसला हुकूम टाइप करून द्यायच्या साधनात, अटी आहेत, प्रश्न विचारायची सोयही आहे. मात्र कार्यालयातल्या माणसाला असे हुकूम टाइप करायचं टर्मिनल मिळत नाही. पीजीॲडमिनच्या आत पीएसक्यूएलची खिडकी आहे खरी, पण सर्व्हर मोडमध्ये, म्हणजे एकच पीजीॲडमिन अनेकजण ब्राउझरमधून वापरतात तेव्हा, ती मुळात बंद असते. ते योग्यच आहे, कारण तिथून थेट ऑपरेटिंग सिस्टिमचे हुकूम सोडता येतात. मग उरतं काय? इंदूरच्या 85 वॉर्डांच्या 85 याद्या काढायच्या, तर वॉर्ड क्रमांक बदला, क्वेरी चालवा, फाइल उतरवा, पुन्हा तेच. असं काम संध्याकाळी उरकताना कोणाचा तरी वॉर्ड चुकणारच.

नव्या सोयीत पूर्ण पायथॉन मोकळं सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. सामाईक सर्व्हरवर तो सरळ धोका आहे. भाषा छोटीच असावी, अधिकार लॉगिन केलेल्या माणसाचेच असावेत आणि फाइली फक्त त्याच्या पीजीॲडमिनमधल्या फोल्डरात जाव्यात. काही पुसण्याआधी किती ओळी जाणार ते सांगून स्क्रिप्टने थांबावं. हे एवढं सांभाळलं तर भाषेचं व्याकरण कसं ठेवायचं, ते पीजीॲडमिन प्रकल्पातल्या मंडळींनी ठरवावं.

आणखी एक. कृपा करून याची ‘सरकारी आवृत्ती’ काढू नका. अशी वेगळी आवृत्ती मूळ प्रकल्पाच्या मागे पडते, आणि सुरक्षेची दुरुस्ती तिच्यात वेळेवर येईलच याची हमी कोणी देत नाही. मंत्रालयाने दोन-तीन चांगले प्रोग्रॅमर पगारावर नेमावेत, त्यांनी आराखडा आधी मूळ प्रकल्पापुढे ठेवावा, तिथली टीका ऐकावी आणि मान्य झालेला कोड तिथेच द्यावा. चाचणीसाठी देवनागरी नावांचे बनावट नमुने लागतील. ते तयार करून द्यायला मी विनामोबदला तयार आहे, काले-काळे आणि दोन्ही कऱ्हाडे धरून.

आपला,
इंदूरचा एक डेटाबेसवाला