अंतुलेसाहेब, आईच्या पासबुकाबद्दल

आदरणीय अंतुलेसाहेब,

हे पत्र लिहायला मला फार उशीर झाला. 2 डिसेंबर 2014 ला तुम्ही गेलात आणि आपल्या आंबेतच्या मातीत विसावलात. तुम्ही होतात तोवर लिहायचं राहून गेलं, म्हणून आता असं उघडपणे लिहितोय. तुम्ही महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होऊन गेलात, पण आमच्या वाडीत तुमचं नाव कुणी घेत नसे. 'बॅरिस्टर' म्हटलं की पुरे.

वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो, बहीण चौथीत. थोडी वरकस जमीन होती, तिच्यात नाचणी आणि वरी निघायची. शेजारच्या मोहल्ल्यातले मास्तर एक दिवस पडवीत येऊन बसले आणि आईला म्हणाले, "वहिनी, बॅरिस्टरांच्या योजनेचा फॉर्म भरा." सरकारी कागदावर तिचं नाव संजय गांधी निराधार अनुदान योजना. 1980 च्या जूनमध्ये तुम्ही मुख्यमंत्री झालात आणि त्याच वर्षी ती सुरू केलीत. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड असं सगळं गोळा झालं. एका कारकुनाने आईला चार खेपा घालायला लावल्या, तेही सांगायला हवं. पण नाव मंजूर झालं.

रक्कम सांगितली तर आजची पोरं हसतील. रॉकेल, मीठ-मिरची आणि आमच्या वह्या, एवढ्यातच ती संपायची. पण पासबुकावर नाव आईचं होतं. एसटीच्या तिकिटालाही दिरापुढे हात पसरणारी माझी आई त्या महिन्यापासून स्वतःच्या पैशाने म्हसळ्याला जायला लागली. बाजाराच्या पिशवीत पासबुक आणि परत येताना आमच्यासाठी दोन बटाटेवडे. तुम्ही कुलाब्याचं रायगड केलंत, सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे दिलेत, हे पुस्तकांत येतं. बटाटेवडे कुठे येणार?

पुढे मी वकिली शिकलो आणि तुम्ही अभ्यासात भेटलात, पण वेगळ्याच रूपात. तुमच्या खटल्यातला 1988 चा सात न्यायाधीशांचा निकाल, ज्यात सर्वोच्च न्यायालयाने तो खटला उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा स्वतःचाच 1984 चा आदेश चुकीचा ठरवला, तो परीक्षेला हमखास यायचा. त्याच्या मुळाशी जायचं म्हणून सिमेंटचं सगळं प्रकरण वाचलं, म्हणजे तुमच्या प्रतिष्ठानला देणग्या देणाऱ्या बिल्डरांना सिमेंटचा कोटा दिल्याचा आरोप. त्यापायी जानेवारी 1982 मध्ये तुमची खुर्ची गेली. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी जे म्हटलं, ते वाचताना मान खाली गेली. आभाराच्या पत्रातही ते झाकून ठेवणार नाही, तुम्ही स्वतः बॅरिस्टर होतात. सुट्टीत घरी आलो तेव्हा आईला सगळं समजावून सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "असेल तसं. पण त्यांनी मला विचारलं होतं का, तू कुणाची म्हणून?"

आम्ही कुणबी. तुम्ही लोकसभेला उभे राहिलात की घरात तुमच्या विरोधातली मतंही असायची, काका तर शेतकरी कामगार पक्षाचे, कट्टर शेकापवाले. दिल्लीत 2006 मध्ये अल्पसंख्याक खातं नवीन निघालं आणि तुम्ही त्याचे पहिले मंत्री झालात, तेव्हा त्या मास्तरांनी मोहल्ल्यात पेढे वाटले. आमच्याही घरी आले. 2009 ला लोकसभेत तुम्ही शिवसेनेच्या अनंत गीत्यांकडून हरलात, तेव्हा काकाही दिवसभर गप्पगप्प होते. का, ते मी कधी विचारलं नाही.

सनद मिळून माझी कमाई सुरू झाली, त्याच महिन्यात आई तहसील कचेरीत गेली. टेबलावर पासबुक ठेवून म्हणाली, "मुलगा कमवायला लागला. आता माझं नाव काढा." समोरच्या साहेबांना वाटलं, बाईंना काहीतरी तक्रार करायचीय. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि दोनदा विचारलं.

आपला,
म्हसळा तालुक्यातला एक वकील