नागपूरला एक काठी उभी कर

कोल्हापूर,
मेअखेर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

फोनवर सगळं सांगून झालं नसतं, म्हणून पत्र लिहितोय. आमची भौतिकशास्त्राची उन्हाळी कार्यशाळा पार पडली. ना फी, ना परीक्षा, ना प्रमाणपत्र. सुट्टीत रिकामी पडलेली शाळेची खोली, सातवी ते दहावीची पोरं, सकाळी व्याख्यान आणि मग जेवणापर्यंत प्रयोग. व्याख्यानांचं फार लिहीत नाही. काही रंगली, काहींत फळा सूत्रांनी भरला आणि पोरं खिडकीबाहेर बघत बसली.

तांब्याच्या नळीचं मात्र सांगतोच. मीटरभर लांब, जाड नळी उभी धरली. वरून लोखंडी नट सोडला, तो अर्ध्या सेकंदात खाली. मग निओडिमियमचं (छोटं पण फार जोरदार) चुंबक सोडलं, तर ते येतच नाही! "सर, आत चिकटलंय ते," एक जण म्हणाला. म्हटलं, बाहेरून लावून बघ. तांब्याला चुंबक चिकटेना. मग उलगडत गेलं: सरकत्या चुंबकामुळे नळीत गोल फिरणारे विद्युतप्रवाह उठतात आणि ते त्या चुंबकालाच अडवतात. उद्यमनगरात लेथवर काम करणारे एक काका मुलीला सोडायला आले होते, ते थांबलेच. दुसऱ्या दिवशी तसलीच नळी उभी चिरून घेऊन आले. तिच्यातून चुंबक लवकर पडलं, कारण प्रवाहाला गोल पुरा करायला वाटच उरली नव्हती. मग काकांनीच विचारलं, "शिरोलीच्या फौंड्रीतली इंडक्शन भट्टी पण अशीच चालते न्हवं?" अगदी अशीच. कॉइलमधला प्रवाह सतत उलटसुलट होतो, लोखंडात असेच प्रवाह उठतात आणि त्यांच्या उष्णतेनं लोखंड वितळतं. हलत्या चुंबकानं वीज उठते हे शास्त्रज्ञ फॅरेडेनं 1831 साली दाखवलं, त्यावर यातल्या कितीतरी पोरांच्या घरची चूल पेटते, आणि ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मला याचं फार वाटलं.

आता तुझं काम. 6 मेच्या सुमारास कोल्हापुरात सूर्य बरोबर माथ्यावर येतो. बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास. आपली घड्याळं 82.5 अंश रेखांशावर लावलेली, आणि आम्ही त्याच्या बरेच पश्चिमेला. मैदानात काठीची सावली आखडत आखडत बुडाशी नाहीशी झाली, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "सर, आत्ता नागपुरात पण सावली नसंल?"

या प्रश्नाचं उत्तर मला तोंडी द्यायचं नाही, ते तुझ्याकडून यायला हवं. पुढच्या मे महिन्यात त्याच दिवशी तू एक मीटरची काठी उभी कर. तुझी मध्यान्ह आमच्या वीसेक मिनिटं आधी, 12:10 च्या सुमारास. सावली उत्तरेला, पावणेआठ सेंटीमीटरच्या जवळपास पडेल, म्हणजे सुमारे 4.4 अंशांचा कोन. नकाशावर आपल्या दोन गावांमधलं निव्वळ दक्षिणोत्तर अंतर 490 किलोमीटरच्या आसपास आहे (एसटीच्या रस्त्याचं नको). 4.4 अंशांना एवढं अंतर, तर पूर्ण 360 अंशांना किती? एवढ्यावरून पोरं पृथ्वीचा घेर स्वतः काढतील. एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हेच केलं होतं. 40,000 किलोमीटर हा आकडा मी त्यांना आधी सांगणार नाही, तूही सांगू नकोस.

काठी ओळंब्यानं सरळ कर. एक अंश कलली तरी पावणेदोन सेंटीमीटरची चूक होईल. ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य पुन्हा आमच्या माथ्यावर येतो खरा, पण तेव्हा इथे ढग हटत नाहीत, म्हणून मेच धरू. तुझ्या गच्चीवर सपाट जागा आहे का, ते कळव. वहिनींना नमस्कार, आणि मोजायला मुलांनाही सोबत घे.

तुझाच