ओपीडीचा नकाशा काढताना पेशंटचा रस्ता आधी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारी दवाखान्यातल्या गर्दीचा विषय निघाला की डॉक्टर कमी आहेत एवढंच सगळे बोलतात. ते खरंच आहे, रिकामी पदं भरायलाच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण मी दर महिन्याला आईला शुगर-बीपीच्या गोळ्यांसाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन जाते आणि तिथे बसून बसून जे दिसतं ते असं की त्या गर्दीतली कितीतरी माणसं डॉक्टरच्या नंबरसाठी थांबलेलीच नसतात. कोणी खिडकी शोधतंय, कोणी रिपोर्टची वाट बघतंय, कोणी चुकीच्या लाईनीत अर्धा तास उभं राहून आता दुसऱ्या लाईनीत शिरतंय. हे सगळं खोल्या कुठे काढल्यात त्यामुळे होतंय.

आमच्याकडे गेटमधून आत शिरलं की लगेच केसपेपरची खिडकी आणि तिला लागूनच औषधाची खिडकी. म्हणजे आत येणारे आणि काम उरकून घरी निघालेले एकाच आठ-दहा फुटांच्या जागेत समोरासमोर, आणि अपघाताची केस आली की स्ट्रेचरसुद्धा त्यातूनच, वॉर्डबॉय सरका सरका ओरडत असतो आणि लोक सरकणार तरी कुठे. डॉक्टरांनी रक्त-लघवी लिहून दिली की लॅब पहिल्या मजल्यावर, लघवीची डबी तिथे मिळते, बायकांचं बाथरूम मात्र खाली मागच्या टोकाला. मग माझ्या आईच्या वयाच्या बायका ती भरलेली डबी पदराआड धरून एवढ्या गर्दीतून परत जिना चढतात. गुडघे दुखतात ते वेगळंच, पण त्यांच्या चेहऱ्यावर जो संकोच असतो तो बघवत नाही. उपाशीपोटी रक्त दिल्यावर जेवून दोन तासांनी परत द्यायचं असतं, त्या दोन तासांत डबा उघडून दोन घास खायला जागा नाही, लोक जिन्याच्या पायऱ्यांवर बसून खातात आणि जिना अजून अरुंद होतो.

सगळ्यात वाईट म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर परत त्याच डॉक्टरच्या त्याच दारासमोर त्याच लाईनीत शेवटी उभं राहायचं. सकाळी एकदा तपासून झालेला पेशंट आणि आत्ता आलेला नवीन पेशंट, लाईन एकच. तोवर ओपीडी बंद व्हायची वेळ होते, मग उद्या या. उद्या या म्हणजे परत एसटीचं भाडं आणि सोबत येणाऱ्याचा एक खाडा.

यामागचा हिशोब अगदी सोपा आहे आणि जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६१ सालीच तो गणिताने सिद्ध करून ठेवलाय. तासाला किती माणसं येतात गुणिले प्रत्येकजण सरासरी किती तास आत थांबतो, तेवढी माणसं आत असतात. समजा तासाला १०० पेशंट येतात आणि प्रत्येकाचे ४ तास जातात, तर आत ४०० पेशंट, सोबत एकेक नातेवाईक धरला की ८००. तेच काम अडीच तासात उरकलं तर २५० पेशंट, म्हणजे नातेवाईक धरून ५००. येणारे तेवढेच, गर्दी मात्र कमी. म्हणून नुसता हॉल मोठा करून आणि बाकडी वाढवून काही होत नाही, फेऱ्या आणि परत परत लागणाऱ्या लाईनी कमी केल्या पाहिजेत.

हे आपल्याच देशात करून दाखवलेलं आहे. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ साली ११ खाटांवर सुरू केलं, आज तिथे केवढी गर्दी असते, पण नजर तपासणं, डोळ्याचं प्रेशर बघणं ही कामं ट्रेनिंग दिलेल्या मुली आधीच उरकतात आणि डॉक्टरपुढे पेशंट जातो तो सगळी माहिती तयार घेऊन. आपल्याकडे वजन, बीपी आणि बोटातून शुगर बघायला ओपीडीच्या दाराबाहेर एक सिस्टर आणि एक टेबल लावलं तरी डॉक्टरची प्रत्येक पेशंटमागे दोन-तीन मिनिटं वाचतील, आणि शंभर पेशंटला ती किती होतात बघा.

खोकल्याच्या पेशंटचं तर मला फार वाटतं. हवेतून पसरणारे आजार दवाखान्यात कसे रोखायचे याच्या केंद्र सरकारच्या सूचना २०१० मध्येच आल्यात, त्यात साफ म्हटलंय की खोकणाऱ्याला आल्या आल्या ओळखा, मोकळ्या हवेच्या जागी वेगळं बसवा, त्याचा नंबर आधी घ्या. आपल्याकडे तो बंद हॉलमध्ये तान्ह्या बाळाच्या आईशेजारी बसतो. जुन्या दवाखान्यांना रुंद व्हरांडे होते, नवीन इमारतीत काचा आणि बंद हॉल, टीबीच्या दृष्टीने ही उलटी वाट आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आत्ताच हे लिहायचं कारण म्हणजे १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झालेत, चांगलंच झालं, लोक साहजिकच जास्त येणार. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात १० नवीन सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं, जालना, हिंगोली, वाशिम, भंडारा, गडचिरोली वगैरे, म्हणजे पुढच्या काही वर्षांत दवाखान्यांच्या इमारती होणारच. एकदा स्लॅब पडला की तीस-चाळीस वर्षं काही बदलत नाही. तेव्हा नकाशा मंजूर करायच्या आधी सिस्टर, लॅबवाले, फार्मासिस्ट आणि चार पेशंट यांना बसवून तो दाखवा. औषधाची खिडकी बाहेर पडायच्या दारापाशी, रक्त-लघवी तळमजल्यावर ओपीडीला लागून, बाथरूममधूनच डबी लॅबमध्ये सरकवता येईल अशी छोटी खिडकी, रिपोर्ट दाखवणाऱ्यांची लाईन वेगळी, स्ट्रेचरचा रस्ता वेगळा. आभाचा (सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याचा) क्यूआर कोड स्कॅन करून टोकन मिळतं तिथे आमच्या म्हाताऱ्या माणसांना मोबाईल जमत नाही, म्हणून शेजारी मदतीला एक माणूस हवाच.

आणि नवीन इमारत होईपर्यंत जुन्या इमारतीतही एक गोष्ट करता येईल. आमच्याकडे मेडिसिन ओपीडीच्या समोरच एक खोली मोडक्या खाटांनी भरलेली आहे, विचारलं तर निर्लेखन, म्हणजे भंगारात काढायची सरकारी कागदपत्रं, व्हायचंय म्हणतात. तोवर त्या खाटा मागच्या शेडमध्ये हलवाव्यात आणि रक्त घ्यायचं टेबल त्या खोलीत खाली आणावं, ही दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या रुग्ण कल्याण समितीला माझी विनंती आहे.

आपली,
एक वाचक