सिस्टर, सदाफुलीच्या काढ्याबद्दल तुमचे आभार

सिस्टर, नमस्कार.

माझं नाव तुमच्या लक्षात नसेल, पण स्टीलचा थर्मास आठवेल. कुडाळहून कोकणकन्येने रात्रभर बसून आलो होतो. पोरगा सहा वर्षांचा, रक्ताचा कॅन्सर, तिसरं इंजेक्शन व्हायचं होतं. मी पिशवीतून थर्मास काढला आणि तुम्ही झाकण उघडून वास घेतलात. "ह्या काय गो?" मुंबईच्या त्या वॉर्डात आपल्याकडचा शब्द ऐकला आणि मला रडूच फुटलं.

तो सदाफुलीच्या पानांचा काढा होता. आमच्या खळ्यात तुळशीच्या बाजूला सासूबाईंनी लावलेली सदाफुली आहे, बारा महिने फुलते. शेजारच्या काकू साखरेवर तिचाच काढा घेतात. कॅन्सरचं औषध सदाफुलीपासूनच करतात हे कुणीतरी सांगितलं, ते खोटंही नव्हतं. मग घरचं झाड असताना पोराला का देऊ नये? दोन दिवस अर्धी अर्धी वाटी दिलाही होता. डॉक्टरांना सांगायची हिंमत झाली नव्हती.

तुम्ही ओरडला नाहीत. "घाबरू नको" म्हणालात, थर्मास कपाटावर ठेवलात आणि तेव्हाच डॉक्टरांना जाऊन सांगितलंत. त्याचं रक्त पुन्हा तपासलं, इंजेक्शन एक दिवस पुढे गेलं. रात्री पाळी संपल्यावर तुम्ही माझ्याजवळ येऊन बसलात. घरी जायचं सोडून बसलात, हे मी विसरलेले नाही.

त्या रात्री तुम्ही जे सांगितलंत, ते मी आता गावात सगळ्यांना सांगते. सदाफुली मूळची मादागास्करची. १९५२ साली जमैकातून तिची पानं कॅनडात संशोधक रॉबर्ट नोबल यांच्याकडे आली, तीही आमच्या काकूंसारखंच, तिकडे लोक साखरेवर तिचा काढा पितात म्हणून. उंदरांवर करून पाहिलं तर साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी त्याच धाग्यावरून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध वेगळं केलं. पुढे एली लिली कंपनीत त्याच झाडातून व्हिनक्रिस्टिन सापडलं आणि १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. माझ्या पोराच्या शिरेत जात होतं ते हेच.

मग मी विचारलं, झाड तेच तर काढा का नको? तुम्ही म्हणालात, पानात शंभराहून जास्त अल्कलॉइडं, म्हणजे अंगावर जोरदार परिणाम करणारी झाडातली रसायनं, आहेत आणि हवं ते त्यात इतकं कमी की एक ग्रॅम औषधाला वाळलेली पानं शेकड्यांनी किलो लागतात. पोराला लागतं जेमतेम सव्वा मिलिग्रॅम, तेही उंची-वजन मोजून. काढ्यातून कुठलं अल्कलॉइड किती गेलं हे कोण मोजणार? आणि इंजेक्शनाने आधीच उतरलेल्या पेशी त्याने आणखी उतरल्या तर साधा ताप जिवावर बेतेल. उंदरांचंही तसंच झालं होतं, जंतुसंसर्गाने मेले. हे ऐकून मी थर्मास स्वतः मोरीत ओतला.

औषध काम कसं करतं ते तुम्ही रापणीवरून, किनाऱ्यावरून दोरांनी ओढतात त्या मोठ्या जाळ्यावरून, समजावलंत. पेशीच्या दोन पेशी होताना आतली गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून न्यायला दोर लागतात. व्हिनक्रिस्टिन तो दोर वळूच देत नाही. शेजारच्या खाटेवरच्या पोराच्या आईला स्वतःलाच स्तनाचा कॅन्सर होऊन गेला होता, तिला पॅक्लिटॅक्सेल दिलेलं. ते उलटं करतं म्हणालात, दोर इतके ताठ करतं की सुटतच नाहीत. ते अमेरिकेतल्या यू झाडाच्या सालीत सापडलं आणि शोधणाऱ्या दोघांतले एक, मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे. त्या बाईंचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. त्या धुळ्याच्या.

वाणी आणि मन्रो वॉल या दोघांनीच १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं होतं, त्यापासूनही कॅन्सरची औषधं करतात. तेच आपल्या घाटातल्या नरक्या नावाच्या झाडात भरपूर आहे, हे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं. आमचे दीर आंबोलीच्या पायथ्याला राहतात. नरक्याचं लाकूड किलोवर घेणारे एजंट त्यांच्याकडे यायचे, आणि ते लाकूड कशाला जातं हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यापासून दीर एजंटाला अंगणातूनच परत पाठवतात. हेही तुमच्यामुळेच.

पण मला सगळ्यात जास्त आभार चपलेबद्दल मानायचे आहेत. चौथ्या इंजेक्शननंतर पोराच्या पायातून चप्पल सारखी निसटायला लागली. मी त्याच्यावरच चिडायचे, नीट चाल म्हणून. तुम्ही त्याला टाचांवर चालायला लावलंत, त्याला जमेना. औषधाने नसा दुखावल्यात हे तुम्ही तिथल्या तिथे ओळखलंत. डोस कमी झाला, व्यायाम सुरू झाला. पोट साफ होतं का, हेही रोज विचारायचात, कारण आतड्यांच्या नसांनाही तेच होतं. मला वाटायचं, एवढं काय विचारायचं त्यात.

आणि प्रत्येक वेळी ते औषध लावताना तुम्ही दुसऱ्या सिस्टरना हाक मारायचात, दोघी मिळून नाव आणि डोस मोठ्याने वाचायचात, शेवटी "फक्त शिरेतून". पाठीच्या कण्यातलं इंजेक्शन असेल त्या दिवशी तर या औषधाची पिशवी त्या खोलीत येऊच द्यायची नाही. चुकून पाठीत गेलं तर माणूस सहसा वाचत नाही, हे मला खूप नंतर कळलं. तुम्ही ते दोन शब्द अडीच वर्षांत एकदाही गाळले नाहीत.

गेल्या मे महिन्यात उपचार संपले. आता नऊ वर्षांचा आहे. किनाऱ्यावर रापण ओढायला जातो, दोर सोडत नाही. सदाफुली अजून खळ्यात आहे. कुणी काढ्याला पानं मागायला आलं की तो आतूनच ओरडतो, "आधी गोळ्या कुठल्या चालू आहेत ते सांगा!"

वेंगुर्ल्याला माहेरी आलात की कुडाळला उतरा. आम्ही न्यायला येऊ.

तुमची,
थर्मासवाली