जुनी रोड बाइक घेताना आधी व्हर्नियर, मग पाकीट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्या-बंगळुरूत वापरून झालेल्या रोड बाइक हल्ली बेळगाव, खानापूर, निपाणीकडे येऊ लागल्या आहेत. सायकल हातात पडली की घेणारा मोबाइलवर सुटे भाग शोधू लागतो. ‘सात गिअरची आहे, अकरा करून टाकू’, ‘चाके हलकी घालू’. भाग येतात आणि बसत नाहीत. मग दुकानदार वाईट, माल वाईट. खरे तर गिअर (मागची दातेरी चक्रे) किती, हे सगळे विचारतात. मागच्या चिमट्यात, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या फ्रेमच्या दोन दांड्यांमध्ये, जागा किती, हे विचारायचे राहून जाते.

मागचे चाक काढा. एक्सल ज्या दोन खाचांत बसतो त्यांच्या आतल्या अंगांमधले अंतर व्हर्नियरने (मिलिमीटरचे अंश दाखवणाऱ्या मोजपट्टीने) मोजा. १२६ मिमी आले तर सायकल सहा-सात गिअरच्या जुन्या जमान्यातली. १३० आले तर रिमला ब्रेक लागणारी, आठ ते अकरा गिअरची नेहमीची रोड बाइक. १३५ हे माउंटन बाइकचे आणि सुरुवातीच्या डिस्क ब्रेकवाल्या रोड बाइकचे माप. आरपार जाड एक्सल असेल तर बहुधा १४२. आता मागवायच्या चाकाच्या हबचे (मधल्या तुंब्याचे) माप हेच हवे. ‘पाच मिमीचा तर फरक, हाताने ताणून बसतंय की’ असे म्हणून १३५चे चाक १३०च्या अ‍ॅल्युमिनियम चिमट्यात कोंबू नये. बसते खरे, पण खाचा समांतर राहत नाहीत, एक्सलवर तिरका ताण येतो, डिरेलरचा (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे तो टांगायचा कान, वाकडा होतो आणि जोडाला चीर जायची भीती कायमची राहते. कार्बनच्या बाबतीत तर विषयच नको. सायकलला चुंबक लावून पाहा. पक्के चिकटले, म्हणजे फ्रेम लोखंडी, तर १२६ची १३० करता येते: दोन्ही बाजू सारख्या, दोन-दोन मिमी, आणि त्यानंतर हँगर सरळ करून घेणे आलेच.

दुसरी तपासणी मागच्या दात्यांची. चाक हातात धरून दाते उलटे फिरवा. मधली, पाना बसायची खाच दात्यांबरोबर फिरली तर कॅसेट, म्हणजे हबच्या फिरत्या बॉडीवर (फ्रीहबवर) सरकवून बसवायचा दात्यांचा संच. खाच जागच्या जागी राहिली तर आट्यांवर बसणारे जुने फ्रीव्हील. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे बरेच आत असतात, त्यामुळे एक्सलचा लांब तुकडा आधाराविना राहतो. पावसाळ्यानंतरच्या जांबोटी रस्त्यावर तो वाकतो किंवा तुटतो. असे चाक असेल तर तिथे पैसे घालावेत, अकरा गिअरमध्ये नव्हे. चिमटा १३०चा असेल (किंवा करून घेतला असेल) तर १३० मापाचे, आठ-नऊ-दहा गिअरच्या फ्रीहबचे चाक घ्या, त्यावर ४.५ मिमीचा स्पेसर (जागा भरणारी कडी) टाका आणि सात गिअरचीच कॅसेट चढवा. शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका), डिरेलर, चेन सगळे जुनेच चालते. फोटोत काही बदललेले दिसत नाही, म्हणून हा सल्ला तरुणांना फारसा आवडत नाही.

सध्या मिळणाऱ्या बहुतेक रोड चाकांची फ्रीहब बॉडी अकरा गिअरसाठी केलेली असते. शिमानो या जपानी कंपनीची ही बॉडी आठ-नऊ-दहाच्या बॉडीपेक्षा १.८५ मिमीने लांब. तिच्यावर आठ किंवा नऊची कॅसेट चढवायची तर आधी १.८५चा स्पेसर आत सरकवावा लागतो. तो विसरला की लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी आट्यांची कडी) पूर्ण आवळूनही कॅसेट हलते, आणि मिस्त्री बिचारा गिअर ‘सेट’ करीत बसतो. दहाच्या बहुतेक रोड कॅसेटना शिवाय १ मिमीची आणखी एक चकती लागते. ती डब्यात येते आणि डब्याबरोबरच कचऱ्यात जाते. स्पेसर हरवला तर बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत लेथवर अ‍ॅल्युमिनियमचा करून मिळेल. आतला व्यास बॉडीवर मोजून द्या. दोन्ही तोंडे समांतर हवीत, हे तिथल्या टर्नरना सांगायला नको.

याच्या उलटे मात्र चालत नाही. अकराची रोड कॅसेट जुन्या आखूड बॉडीवर चढत नाही, लॉकरिंगला आटे पुरत नाहीत. अपवाद शिमानोच्या एचजी७०० आणि एचजी८०० या ११-३४ दात्यांच्या कॅसेटचा. त्या आखूड बॉडीसाठीच केलेल्या आहेत. कॅम्पाग्नोलो या इटालियन कंपनीच्या बॉडीच्या खाचाच वेगळ्या, तिथे शिमानोची कॅसेट बसणार नाही. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळायची. पान्याला हलका झटका देऊन सोडायचे काम नाही ते.

डिरेलरचा हिशेब वेगळा. शिफ्टर दर टिचकीला ठराविक केबल ओढतो आणि डिरेलर त्या ओढीला ठराविक पटीने सरकतो. शिमानोच्या आठ, नऊ आणि जुन्या दहा गिअरच्या रोड डिरेलरची पट एकच आहे. म्हणून आठाचे नऊ करताना मागचा डिरेलर आणि चाक तसेच ठेवून उजवा शिफ्टर, कॅसेट आणि चेन एवढेच बदलले तरी भागते. नऊ गिअरचा माउंटन डिरेलरही या शिफ्टरबरोबर चालतो. पण अकरा गिअरची पट निराळी, आणि शिमानोचाच टियाग्रा ४७०० हा डिरेलर दहा गिअरचा असूनही त्या अकराच्याच घराण्यातला. नाव टियाग्रा, गिअर दहा, म्हणून जुन्या दहाच्या शिफ्टरला तो जोडला की दोन-तीन गिअर बरोबर पडतात आणि पुढे खडखडाट सुरू होतो. आठाचे अकरा करायचे म्हणजे दोन्ही शिफ्टर, दोन्ही डिरेलर, कॅसेट, चेन आणि बहुधा मागचे चाक. एवढी बेरीज झाल्यावर दुसरी सायकलच का पाहू नये?

त्यापेक्षा चढाचा विचार करावा. पुढे ३४, मागे २८ दाते असतील तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे अडीच मीटर जाते. मागे ३२ घातले तर सव्वादोन. चोर्ला घाट गोव्याकडून चढताना किंवा राजहंसगडाच्या शेवटच्या चढावर हा पाव मीटर गुडघ्यांना कळतो. आठ गिअरचीच ११-३२ कॅसेट मिळते. फक्त डिरेलरच्या मागच्या बाजूचा क्रमांक वाचा: शेवटी एसएस असेल तर पिंजरा (खालची दोन छोटी चाके धरणारा भाग) आखूड, जीएस असेल तर त्याहून लांब. पुढच्या ५०-३४ आणि मागच्या ११-३२ या जोडीला (५० वजा ३४) १६ अधिक (३२ वजा ११) २१, म्हणजे ३७ दात्यांची ढील सामावून घेणारा पिंजरा हवा. चेनही नव्याने मोजा. डिरेलरमधून न नेता पुढच्या मोठ्या चकतीवरून मागच्या सर्वांत मोठ्या दात्यावर गुंडाळा, जुळते तिथून एक इंच जास्त ठेवा. आखूड चेन मोठ्या-मोठ्यावर पडली तर डिरेलर हँगरसकट उपटून निघतो.

झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन चढवली तर जोर लावताच ती दात्यांवरून उडते. बिघाड नव्या चेनमध्ये शोधला जातो. चाक बदलल्यावर डिरेलरचे दोन्ही मर्यादा-स्क्रू (तो किती आत-बाहेर जाईल ते ठरवणारे) पुन्हा लावा. हबगणिक कॅसेटची जागा किंचित इकडेतिकडे असते, आणि तेवढ्याने डिरेलर स्पोकमध्ये जाऊ शकतो.

केबलबद्दल दोनच गोष्टी. गिअरचे बाहेरचे कव्हर ४ मिमीचे, आत उभ्या तारांचे असते. ब्रेकचे ५ मिमीचे, स्प्रिंगसारखे गुंडाळलेले. ब्रेकचे कव्हर गिअरला लावले तर ते दबते आणि गिअर कधीच जागेवर पडत नाही. आणि ब्रेकला गिअरचे लावणे जिवावर बेतू शकते, जोराच्या ओढीने ते फाटते. खानापूरकडच्या पावसात क्रँकखालून जाणारी केबल लाल चिखलाने धरते, तिथे आधी पाहावे.

शेवटी टायर. टायरवर २५-६२२ असे लिहिलेले असते. त्यातला ६२२ खरा, म्हणजे टायर रिमवर बसते तिथला व्यास मिमीत; ‘अठ्ठावीस इंची’ हे नुसते बोलायचे माप. आपल्या दूधवाल्यांच्या अठ्ठावीस इंची सायकलचे टायर ६३५चे, म्हणजे १३ मिमीने मोठे. ते रोड बाइकच्या रिमवर सैल बसते आणि हवा भरताच निसटते. तिची ट्यूबही चालत नाही: जाड ट्यूब अरुंद टायरमध्ये दुमडते, आणि व्हॉल्व्ह ६.५ मिमीच्या भोकात शिरत नाही. भोक मोठे करून अरुंद रिम कमजोर करू नये. गावोगावच्या दुकानांत सहसा तीच ट्यूब मिळते, तेव्हा खानापूरच्या पुढे जाताना प्रेस्टा (रोड बाइकच्या बारीक) व्हॉल्व्हच्या दोन ट्यूब आणि त्या व्हॉल्व्हवर चढवून साधा पंप लावता येईल अशी पितळी टोपी खिशात असू द्यावी.

आपला,
एक सायकलस्वार, टिळकवाडी, बेळगाव