हिमकणांच्या फोटोसोबत तलावाचे तापमानही छापा

महोदय,

थंडी वाढली की महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाची जेट्टी, लिंगमळा आणि गाड्यांच्या टपांवरचे हिमकण आपल्या दैनिकात हमखास झळकतात. ते फोटो पाहून वर्गातली मुले मला विचारायची, ‘जेट्टीवर बर्फ, मग खालचं पाणी का नाही गोठत?’

प्रश्न अगदी रास्त आहे. निरभ्र रात्री फळ्या, गवत, पत्रा यांतली उष्णता झपाट्याने निघून जाते. हवेचा पारा चार-पाच अंशांवर असला तरी त्यांच्यावरचे दव गोठते. पाण्याचे तसे नाही. वरचा थर गार झाला की जड होऊन खाली जातो, खालचे उबदार पाणी वर येते. सगळा तलाव ४ अंशांपर्यंत उतरल्याशिवाय वर बर्फ धरत नाही, आणि आपली थंडी तेवढी टिकत नाही.

हे संगणकावर फार सुरेख दाखवता येते. आलेखात आडवे महिने, उभी पाण्याची खोली आणि तापमानाला रंग. उन्हाळ्यात वर लाल, तळाशी निळा असे थर दिसतात. थर पक्के झाले की तळाच्या पाण्यातला प्राणवायू कमी होत जातो. वेण्णाचे पाणी महाबळेश्वर-पाचगणी पिते, म्हणून हे चित्र मला गरजेचे वाटते.

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या पाच महासरोवरांच्या बर्फाचे आलेख १९७३ पासूनच्या नोंदींवर काढले जातात. १९७९ च्या हिवाळ्यात जवळपास ९५ टक्के पृष्ठभाग गोठला होता, २००२ मध्ये जेमतेम १२ टक्के. जपानात तर सुवा सरोवर कधी गोठले याच्या नोंदी १४४३ पासून आहेत, त्याही देवस्थानाच्या पुजाऱ्यांनी ठेवलेल्या! यंत्रापेक्षा नेम महत्त्वाचा.

पावसाळ्यात कोयनेची पातळी, आवक, विसर्ग आपण रोज छापता आणि आम्ही तो आकडा चहाआधी वाचतो. पाण्याच्या तापमानाचा आकडा मात्र माझ्या वाचनात कधी आला नाही. मीटरच्या खुणा केलेली दोरी, वजन, पाण्यात चालणारा तापमापक आणि एक होडी एवढ्यावर साताऱ्या-वाईच्या महाविद्यालयांतली मुले हे काम करू शकतील. नगरपालिकेने परवानगी द्यावी. रंगांची पट्टी मात्र दरवर्षी तीच ठेवावी, नाहीतर साधे वर्षही लालभडक दिसेल. येत्या डिसेंबरात नोंदी सुरू झाल्या, तर महिन्याच्या आलेखासाठी आपण रविवारच्या पानावर जागा द्यावी, ही आग्रहाची विनंती.

– एक निवृत्त भूगोल शिक्षक, वाई (जि. सातारा)